आत्याने दिलेले मार्क

फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे. हे वाक्य मी गेली अकरा वर्षं आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला बोलते आहे, आणि अकरा वर्षं समोरचा माणूस श्रीखंडाची वाटी हातात धरून तोच प्रश्न विचारतो, "मग त्याला फुटबॉल का म्हणतात?" मला काय विचारता? त्याचं बारसं मी केलं का? इकडचा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू, हेल्मेट घातलेले बारा-बारा धटिंगण आणि दर अर्ध्या मिनिटाला एक मारामारी. त्यात एक जण मागे उभा राहून चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. बाकीचे अकरा त्याच्यासाठी हाडं मोडून घेतात. त्याच्याकडे तीन सेकंद असतात. तेवढ्यात त्याने ठरवायचं, चेंडू कोणाकडे जाणार. एवढं समजलं तरी पुढचं समजेल. त्याहून जास्त समजून घेऊन कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मी चित्रा मुळीक. लंडनच्या संघात काम करते. राजाचं लंडन नव्हे, आमचं, ऑन्टारियोतलं. हेही दर वेळी सांगावं लागतं. संघाचं नाव हेरन्स. मैदानावर माझं काही काम नाही, मी फ्रंट ऑफिसात बसते. कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोण आणायचं, ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे युनिव्हर्सिटीतून निघालेली पोरं सगळे संघ आळीपाळीने उचलतात त्या दिवशी, कोणाचं नाव पुकारायचं, हे जिथे ठरतं ती खोली. खोलीत सात पुरुष आणि मी. माझं काम मार्क देण्याचं. प्रत्येक क्वार्टरबॅकची प्रत्येक फेक व्हिडिओवर बघायची, मोजायची आणि शंभरपैकी एक आकडा काढायचा. ज्याने आजवर थोड्याच फेकी केल्यात त्याच्या मार्कांवर भरवसा कमी, म्हणून त्याचे काही मार्क कापायचे. ही वजावट मीच बसवलेली. ऑफिसात तिला 'चित्राज टॅक्स' म्हणतात. आमचा जनरल मॅनेजर डग हा साठीचा, दोन्ही गुडघे गेलेला, एके काळी स्वतः खेळलेला माणूस. आकडेमोडीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण माझा आकडा बघितल्याशिवाय तो कुठे सही करत नाही.

आता क्षितिजबद्दल. मी २००७ साली इस्लामपूरहून ओटावाला स्टॅटिस्टिक्स शिकायला आले, तेव्हा तिथल्या कनाटा उपनगरात राजनदादा आणि छायावहिनींच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. दादा टेलिकॉममधले इंजिनिअर, चार शब्द बोलले तर दिवाळी. वहिनी म्हणजे त्याची भरपाई. भाडेकरू म्हणून गेले आणि महिन्याभरात त्यांच्या घरातलीच झाले. क्षितिज तेव्हा सहा वर्षांचा. मी अभ्यासाला बसले की जिन्याच्या वरच्या पायरीवरून मोज्यांचा गोळा नेमका माझ्या वहीवर यायचा. "आत्या, कॅच!" मी बोलते मराठीत, तो उत्तर देतो बहुतेक इंग्लिशमध्ये, पण 'आत्या' मात्र स्वच्छ. शाळेच्या संघात गेला तेव्हा त्याच्या आईबापांना खेळातलं काही कळेना, म्हणून बर्फात उभी राहून मीच त्याच्या फेकी वहीत लिहायचे. फेकी मोजण्याचा माझा धंदा तिथूनच सुरू झाला म्हणा ना.

मराठी पोरगं आणि क्वार्टरबॅक! मंडळातले लोक हसायचे. "राजन, त्याला कोडिंग शिकव कोडिंग." दादा काही बोलायचे नाहीत, फक्त शनिवारी पहाटे उठून त्याला सरावाला सोडायला जायचे. पोरगा युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळला, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या ड्राफ्टच्या यादीत त्याचं नाव आलं.

त्याच दिवशी मी डगला ईमेल केली. या घराशी माझे सतरा वर्षांचे संबंध आहेत, मी याला लहानाचा मोठा होताना बघितलेलं आहे, तेव्हा याच्याबाबत मला विचारू नये, याचा पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. डगचं उत्तर एका ओळीचं आलं, "छान, म्हणजे तू त्याला ओळखतेस." मला वाटलं टोमणा मारतोय मेला. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. पण डगने बाकीच्यांना विचारून सहाव्या फेरीत क्षितिजचं नाव पुकारलं, आणि मी त्यात बोट घातलं नाही याचं मला फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला सोवळेपणा? तर माझ्या वडिलांचं ऐका. ते माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. सातवीत मला गणितात पैकीच्या पैकी पडले, तर त्यांनी अक्षराचं निमित्त काढून तीन मार्क कापले. पहिला नंबर अवंतिका शिर्केचा आला. मी रडले, तर म्हणाले, "लोकांनी म्हणायला नको, मास्तरांची पोर म्हणून." ही गोष्ट आमच्या घरात तीस वर्षं कौतुकाने सांगितली गेली. पाहुणे आले की आई सांगायची, वडील गेल्यावर दहाव्याला काकांनी सांगितली. मीही इथे पोरांना सांगायचे. वशिला न लावणारा बाप! आपल्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

गेल्या सप्टेंबरात आमच्या पहिल्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. मागे हटताना पाय रुतला, वरून दोन जण पडले, सीझन संपला. क्षितिज तेव्हा दुसऱ्या नंबरवर होता. उरलेला सामना त्याने खेळला आणि जिंकून दिला. पुढचा हरला, पण दोन गुणांनी, आणि त्याने फेकलेले सोपे चेंडू समोरच्यांनी हातातून सोडले म्हणून. सहा सामने उरले होते. तेवढ्यात पश्चिमेकडच्या एका संघाचा डगला फोन आला. त्यांच्याकडे डॅरेल प्रुइट नावाचा चौतीस वर्षांचा अमेरिकन होता, खूप खेळलेला, खूप पाहिलेला. तो घ्या, बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधली तुमची दुसऱ्या फेरीची पाळी द्या, आणि राखीव म्हणून तो तुमचा किट द्या. क्षितिजला सगळे किट म्हणायचे. डगने शुक्रवार सकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

बुधवारी वहिनींचा फोन आला. ट्रेडचं त्यांना काही माहीत नव्हतं. बातम्यांमध्ये पहिल्याचा गुडघा बघितलेला, तेवढंच.

"चित्रा, आता त्यालाच खेळवतील ना गं?"

"वहिनी, ते मी ठरवत नाही."

"अगं, ते कळतं मला. मी तुला वशिला लाव म्हणत नाहीये. एवढी वर्षं कधी म्हटलं का? पण तुला विचारलं तर खरं तेवढं सांग. तू आहेस तिथे म्हणून मला घोर नाही."

"बरं," म्हटलं मी, आणि भाजीचं काहीतरी निमित्त करून फोन ठेवला. राग आला होता मला त्यांचा. म्हणजे त्यांचा नव्हे. 'तू आहेस तिथे म्हणून' या शब्दांचा. ऑफिसात हे कोणी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते?

गुरुवारी दुपारी डग माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "दोघांचे मार्क उद्या सकाळी हवेत. किटचेसुद्धा."

"मी तुला लिहून दिलं होतं," मी म्हटलं.

"हो. आणि तरी विचारतोय," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

मी दार लावून बसले. प्रुइटचे मार्क आले एकसष्ट. वय झालेलं, हात मंदावलेला, पण हुशार. मग क्षितिजचं काढलं. त्याच्या लीगमधल्या सगळ्या फेकी मिळून एकशे चौदा. कमी, फारच कमी. वजावट केली. वजावट करून आकडा आला अडुसष्ट.

मी परत काढला. अडुसष्ट.

आनंद व्हायला हवा होता की नाही? मला आधी दिसली ती उद्याची खोली. उद्या त्या सात जणांसमोर मी सांगणार, की हा माझ्या ओळखीतला, माझ्या देशातला, माझ्या भाषेतला पोरगा त्या अमेरिकनापेक्षा सात मार्कांनी चांगला. कोणी काही बोलणार नाही, कॅनडा आहे हा, तोंडावर कोण बोलतं? पण एकमेकांकडे बघतील. ते बघणं मला आत्ताच दिसत होतं. मग मी स्वतःला समजावलं, की याच्याबाबतीत माझी नजर साफ नाही, कुठेतरी माझा हात ढिला पडला असणार, तेव्हा याला थोडा जास्त कडक पेपर तपासायला हवा. आणि मी वजावट दुसऱ्यांदा केली. एकदा झालेल्या वजावटीवर पुन्हा तीच वजावट. आकडा आला सत्तावन्न. तो मी छापला. एकाच माणसाला टॅक्स दोनदा लावला हे तपासणारं त्या ऑफिसात कोणी नव्हतं. तपासणारी मीच होते ना!

शुक्रवारी सकाळी डगने कागदाकडे न बघता मला विचारलं, "प्रुइट?"

"एकसष्ट."

"आणि आपला पोरगा?"

"सत्तावन्न."

डगने चष्मा काढला. "चित्रा, तुझी खात्री आहे?"

"आकडे तेच सांगतात," मी म्हटलं.

आकडे बिचारे काय सांगणार! त्यांच्या तोंडावर मी हात ठेवलेला. डगने अजून मिनिटभर माझ्याकडे बघितलं. मी सरळ त्याच्या नजरेला नजर दिली. मग त्याने फोन उचलला आणि पश्चिमेला हो म्हणून टाकलं. त्या दिवशी गाडी चालवत घरी जाताना मला काय वाटत होतं, सांगू? अभिमान वाटत होता. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला, पण नाही, खरंच अभिमान वाटत होता. शिवाय मी म्हणत होते, बरंच झालं, तिकडे त्याला जास्त खेळायला मिळेल.

त्याआधी दुपारी क्षितिज आपलं लॉकर रिकामं करायला आला होता. डगच्या खोलीत दहा मिनिटं बसून बाहेर आला. पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. सहा फूट दोन इंचांचा पोरगा, खांद्यावर बॅग, डोळे लाल. मी म्हटलं, "क्षिती, तिकडे मन लावून खेळ. तिकडे चान्स आहे."

"येस, आत्या," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट."

मला वाटलं, चान्स आहे म्हटलं त्याबद्दल म्हणतोय. मी त्याच्या पाठीवर थोपटलं.

प्रुइट आला आणि आम्ही सहापैकी पाच सामने हरलो. डोकं होतं त्याच्याकडे, पण चेंडू पोचायचाच नाही. पेपरवाले डगच्या नावाने शिमगा करायला लागले. तिकडे क्षितिजला तिसऱ्या नंबरवर टाकलं. तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक बाकावर बसून टोपी घालतो आणि खुणा करतो, बाकी काही नाही. पण ऑक्टोबरात एक दिवस मी त्यांचा सामना लावला तर क्षितिज मैदानात पळताना दिसला. किकऑफला. किकऑफ म्हणजे एका बाजूने चेंडू लाथाडून द्यायचा आणि दहा-बारा जणांनी जिवाच्या आकांताने पळत जाऊन समोरच्यांना धडकायचं. ज्यांच्याकडे दुसरं काही नाही ती पोरं तिथे जातात. क्वार्टरबॅक कधी जात नाही. त्याचा हात हीच त्याची सगळी कमाई, तो कोण घालेल असल्या धडकाधडकीत? मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले, "अरे गाढवा, तू कशाला गेलास तिथे? नाही म्हणता येत नाही का?"

पुढच्या आठवड्यातल्या सामन्यात त्याचा उजवा खांदा निखळला. नुसता निखळला नाही, आतलं फाटलं. डिसेंबरात ऑपरेशन झालं. जानेवारीत त्या संघाने त्याला सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामाला हात उत्तम चालेल. फेकायला नाही.

मी वहिनींना फोन केला, तर त्याच माझी समजूत घालत होत्या. "नशीब गं. तू काय करणार? तू तुझं केलंस."

फेब्रुवारीत नव्या ड्राफ्टची तयारी सुरू झाली. डगच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर बर्फाची चिकचिक, आत फळ्यावर नव्या पोरांची नावं. दुसऱ्या फेरीपुढे आमची जागा रिकामी, कारण ती पाळी प्रुइटच्या बदल्यात गेलेली. आणि प्रुइट तर डिसेंबरातच निवृत्त झालेला. डग त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होता. एकदम म्हणाला, "मला तो पोरगा ठेवायचा होता, तुला माहितीये?"

"कोण?"

"किट. मालक मागे लागले होते प्रुइटसाठी. मला नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं. म्हणून तर तुला विचारलं."

"मला का? मी तुला लिहून दिलं होतं ना की आमचे संबंध आहेत!"

डगने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई काय बोलते आहे. "म्हणूनच तर विचारलं. या इमारतीत त्याला लहानपणापासून बघितलेली तू एकटी. तू साठ जरी म्हणाली असतीस, तरी मी त्याला खेळवला असता. पण तू सत्तावन्न म्हणालीस. म्हटलं, जिला तो खेळावा असं सगळ्यात जास्त वाटतं, तीच जर सत्तावन्न म्हणते, तर खरं पन्नासच असणार."

मला वाटत होतं, आपला माणूस म्हणून माझं बोलणं हलकं धरतील. आणि या माणसाने ते दुप्पट जड धरलं होतं. मी मार्क कापले ते कापले, आणि त्याने माझं नातं बघून वरून आणखी कापले.

"पोरगं चांगलं," डग म्हणत होता, "जाताना मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको, तुझ्या आत्यानेसुद्धा तुला प्रुइटच्या खाली धरलं. खरं ऐकायचा हक्क होता त्याचा."

"तू त्याला आकडा सांगितलास?"

"हो. सत्तावन्न."

तेव्हा मला पार्किंगमधलं ते थँक्स कळलं. मी डगला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. अडुसष्ट, दोनदा वजावट, सगळं. डग चिडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पण का?" त्याला काय सांगणार? लोकांनी म्हणायला नको म्हणून? "कुठले लोक?" असं त्याने विचारलं असतं, आणि माझ्याकडे एकही नाव नव्हतं. मी राजीनामा देते म्हटलं. तो म्हणाला, ड्राफ्ट होऊ दे, मग बघू.

शनिवारी मी गाडी काढून कनाटाला निघाले. लंडनहून साडेसहा तास. किंग्स्टनच्या पुढे बर्फ लागलं, ट्रक चिखल उडवत होते, आणि मी वाक्य जुळवत होते. क्षितिज चिडेल, ओरडेल, मला घराबाहेर काढेल. काढू दे. पण निदान त्याला कळेल तरी, की तो चांगला होता. हात गेला तो गेला. पण आपण मुळात कुचकामी होतो असं मनात धरून त्या पोराने जगू नये. बास, एवढंच मला त्याला द्यायचं होतं. दुसरं माझ्याकडे उरलंच काय होतं?

दार दादांनी उघडलं. वहिनी ओट्यापाशी थालीपीठ लावत होत्या. क्षितिज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. कॉलेजात सप्लाय चेनच्या कोर्सला अप्लाय करत होता. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने एक-एक अक्षर टाइप करत होता.

मी चहासुद्धा घेतला नाही. कोट अंगावर तसाच ठेवून त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. एकदाही थांबले नाही. वहिनींनी गॅस बारीक केला आणि ऐकत उभ्या राहिल्या. दादा दारात.

"तुझे मार्क अडुसष्ट होते, क्षिती. वजावट करून अडुसष्ट. तू त्याच्यापेक्षा चांगला होतास. मी भ्यायले. लोक काय म्हणतील म्हणून भ्यायले आणि तुझे मार्क कापले. चूक माझी आहे, तुझी नाही."

तो ऐकत होता. चेहरा हलला नाही. मग म्हणाला, "आत्या, इट्स ओके."

"ओके कसलं? अरे, तू किकऑफला का गेलास? क्वार्टरबॅक होतास तू! नाही म्हणायचं होतंस!"

"कोच आस्क्ड. आय सेड येस." त्याने खांदा उचलायला बघितला, तो अर्धाच उचलला गेला. "डगने सांगितलं होतं ना नंबर. म्हटलं, आत्याने मला, आय मीन, सिन्स आय वॉज सिक्स, पाहिलंय. इफ शी सेज आय ॲम नॉट अ क्वार्टरबॅक, देन आय ॲम नॉट. सो आय डिड व्हॉट आय कुड."

मी बॅगेतून माझा लॅपटॉप काढला, दोन्ही रकाने उघडले, एकदा वजावट केलेला आणि दोनदा केलेला, आणि त्याच्याकडे फिरवला. "हे बघ. बघ ना. अडुसष्ट."

त्याने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हाताने लॅपटॉप हळूच माझ्याकडे परत वळवला. हसला. त्याच्या आईसारखं हसतो तो, माणसाला सांभाळून घेणारं.

"यू डोंट हॅव टू डू धिस."

"काय?"

"धिस. मला बरं वाटावं म्हणून. यू मेक द नंबर्स, आत्या. यू कॅन मेक इट से नाइंटी." मग अगदी मायेने म्हणाला, "सप्टेंबरमध्ये यू वेअर ऑनेस्ट. आय रिस्पेक्टेड दॅट, यू नो? बाकी सगळे खोटं गोड बोलत होते. तू नाही बोललीस. आता यू आर जस्ट बीइंग फॅमिली."

"अरे नाही रे! आत्ताच खरं बोलते आहे. तुझी शपथ, माझ्या वडिलांची शपथ!"

"आय नो, आत्या. आय नो."

मी दादांकडे बघितलं. इंजिनिअर माणूस, त्यांना दोन रकाने कळले असते. पण ते खिडकीबाहेर बघत होते. वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"असू दे गं, चित्रा," त्या म्हणाल्या. "एवढ्या बर्फातून त्याच्यासाठी आलीस, हेच खूप झालं. आपल्या माणसाशिवाय कोण करतं एवढं? कोट काढ बघू आधी."

त्यांनी माझ्यासमोर ताटली ठेवली. क्षितिजने लोण्याची वाटी डाव्या हाताने माझ्याकडे सरकवली आणि परत आपला फॉर्म भरायला लागला.